तीन कार्डांचा पैरा

आमच्या धंद्यात कॅमेरा धरणाऱ्याला लोक दहादा चहा विचारतात, आणि एडिट करणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही. मी एडिट करणारी. सांगलीत आमचा स्टुडिओ आहे. नवरा लग्नाच्या मोसमात मांडवामांडवातून हिंडतो, फेटा बांधून घेतो, पहिल्या पंगतीला बसतो, आणि मी मागच्या खोलीत पडदे ओढून परक्यांच्या हळदी बघत बसते. कुठली मावशी कुठल्या मामीशी बोलत नाही, कुठला जावई फोटोतून रुसून निघून गेला, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. मी ते कुणाला सांगत नाही. सांगायला लागले तर जिल्ह्यातल्या निम्म्या सोयरिकी मोडतील.

हे काम मी लग्नाआधी साताऱ्यात शिकले. ज्यांच्याकडे शिकले त्यांना आम्ही वस्ताद म्हणतो. तालमीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, अंगानं ते काडीच आहेत. पण शिकवायची रीत अस्सल तालमीची. कॅमेरा धरताना हात हलला की मागून टपली बसायची. पाठमोरी माणसं, नुसते पाय, धुरकट आलेलं चित्र, यांना त्यांच्याकडे एकच शब्द होता: घाण. "आधी घाण काढ, मग पिक्चर बनव," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की अजून भाजी निवडतानाही ते कानात वाजतं.

माझ्याबरोबर तिथं आणखी दोघं शिकत होते, दोघंही माझ्याहून लहान. एक आता फलटणला आहे. उसाच्या पट्ट्यातला माणूस, बाजारात नवीन काही आलं की आधी याच्या दारात उतरणार, मग बाकीच्यांच्या. दुसरा मेढ्याचा. डोंगरातला, निवांत. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "होतंय की." आभाळ कोसळलं तरी हा म्हणेल होतंय की, आणि खरं सांगते, बऱ्याचदा होतंही. आम्ही तिघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो, एकमेकांच्या कामाला नावं ठेवतो, आणि वस्तादांचा फोन आला की तिघंही उभं राहून घेतो.

तर दोन उन्हाळ्यांमागची ही गोष्ट. वस्तादांच्या मुलीचं लग्न निघालं. एकुलती एक. तिची आई ती शाळेत जायच्या आधीच गेली होती, आणि वस्तादांनी पोर स्टुडिओतच वाढवली. आम्ही एडिटिंगला बसायचो तेव्हा ती टेबलाखाली वह्या घेऊन बसलेली असायची. तिची वेणी वस्ताद स्वतः घालायचे. भांग इतका सरळ पाडायचे की जणू पट्टी लावलीय, आणि पोर हलली की तिलाही टपली. आता ती शिकून सवरून मोठी झाली होती आणि नवरा लष्करातला मिळाला होता, नोकरी आसामात. रजा संपली की तो हिला घेऊन तिकडे जाणार होता.

वस्तादांनी जाहीर केलं, "ह्या लग्नात मी कॅमेऱ्याला हात लावणार न्हाई. मी बाप हाय. तुमी बघा." माझा नवरा आणि हे दोघं, असे तीन कॅमेरे ठरले. मी आयुष्यात पहिल्यांदा लग्नाला पाहुणी म्हणून जाणार होते, त्यासाठी नवी साडीसुद्धा घेतली.

हळदीच्या सकाळी वस्ताद म्हणाले, जरा उजेड बघतो, आण तो जुना कॅमेरा इकडं. तो जो त्यांच्या हातात गेला तो लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघाली तरी खाली आला नाही. आम्ही सगळे हसत होतो. काय माणूस आहे, पोरीच्या लग्नातही राहवत नाही, असं मीच चारचौघींत म्हणाले असेन.

राहवत नव्हतं हे खरं, पण कारण वेगळं होतं असं मला आता वाटतं. कन्यादानाला जोडी लागते. एकट्या बापानं ते करायचं नसतं, असं आमच्याकडे म्हणतात. कोण म्हणतं ते विचारायचं नाही. वस्तादांनीही विचारलं नाही. त्यांचे थोरले भाऊ आणि भावजय पाटावर बसले, पोरीचा हात त्यांनी दिला. आता त्या वेळी बापानं कुठं उभं राहायचं? सोवळ्यात जागा नाही, पाहुण्यांत बसवत नाही. कॅमेरा असला की माणसाला कुठंही उभं राहता येतं, कुणी विचारत नाही.

लग्न झालं, मुलगी सासरी जाऊन माहेरी परत आली, आणि जावयाच्या रजेचे थोडेच दिवस उरले. तिनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. म्हणाली, "ताई, तिकडं नेट धड नसतं. मला जाताना पिक्चर पेनड्राइव्हवर द्या. आणि जायच्या आदल्या संध्याकाळी इथं घरात, सगळ्यांबरोबर बघायचंय." मग जरा थांबून म्हणाली, "बाकी कसंही करा. अप्पा माझ्याबरोबर त्यात एकदा तरी असू देत. एवढं एकच."

मी म्हटलं, एवढंच ना. त्यात काय आहे.

वस्ताद म्हणाले, एडिटिंगला मी बसतो. मुलगी म्हणाली, "तुम्ही बसलात तर आधी स्वतःलाच कापाल, अप्पा. तुम्ही बाहेर बसायचं." वस्ताद बाहेर बसले, म्हणजे बसले कुठले, अर्ध्या अर्ध्या तासानं दारावर टकटक करून चहा आणि एक प्रश्न घेऊन यायचे. चहा बदलायचा, प्रश्न तोच. "घाण काढली का?"

आता अडचण सांगते. चार कॅमेऱ्यांचं चित्रण म्हणजे डोंगर. ते कापून, निवडून तीन तासांचं केलं तरी डोंगराची टेकडी होते, एवढंच. ती टेकडी पेनड्राइव्हवर बसेल आणि टीव्हीवर चालेल अशी दाबून बसवायची, याला आम्ही रेंडर म्हणतो, शिकलेली पोरं एन्कोडिंग म्हणतात. मशीन एकेक चित्र बघतं, मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतं, आणि पुढे सरकतं. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. वस्तादांच्या मशीनमधलं कार्ड त्यांच्याच वयाचं. त्यावर हे टाकलं असतं तर पोरगी आसामात पोचून तिथला चहा प्याली असती, तरी इकडे हळद उतरली नसती.

तेव्हा मला पैरा आठवला. माझं माहेर वडूजकडचं. कोरडवाहू रान, एकेका घरात एकेकच बैल. मग शेजारी शेजारी पैरा करायचे: तुझा एक, माझा एक, जोडी जुंपायची, आधी तुझं रान मग माझं. मी म्हटलं, आपल्या तिघांकडे एकेक कार्ड आहे. तिन्ही एका मशीनला जुंपू.

फलटणच्याकडे त्यासाठी लागणारं मशीनही निघालं, निघणारच. पुण्यातला कुणीतरी पोरगा कॉम्प्युटरवर क्रिप्टोची नाणी काढायचा, त्याचा तो धंदा बसला तेव्हा यानं त्याचा सांगाडा उचलून आणला होता. भांड्यांच्या मांडणीसारखा उघडा सांगाडा, ताटं उभी करावीत तशी त्यात कार्डं उभी करायची. माझं कार्ड मी नवऱ्याच्या फेट्यात गुंडाळून एसटीनं आणलं. कंडक्टरनं मांडीवर काय आहे विचारलं तर नवरदेवाचा फेटा म्हणून सांगितलं, आणि खोटंही नव्हतं. फलटणच्याचं कार्ड नवंकोरं, त्याला तीन पंखे आणि आतून रंगीत दिवे. मेढ्याच्याचं कार्ड पिशवीत होतं, त्याच पिशवीत वर स्ट्रॉबेरीचा डबा. त्याचा एक पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा.

"हे चालंल का रं?" फलटणच्यानं विचारलं.

"होतंय की," मेढ्याचा म्हणाला.

तीन कार्डं जोडली म्हणून एकच पिक्चर तिप्पट वेगानं धावत नाही, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कळत नाही. कारण प्रत्येक चित्र मागच्या चित्राच्या आधारानं लिहिलेलं असतं. मधूनच दुसऱ्या कार्डानं हात घातला तर त्याला मागचं काही ठाऊकच नसतं. म्हणून पिक्चरचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा नव्यानं पूर्ण चित्रापासून सुरू करायचा, एकेका कार्डाला एकेक द्यायचा, आणि झाले की शिवायचे.

मी म्हटलं, बारीक बारीक तुकडे करू. सगळे रांगेत ठेवू. जे कार्ड मोकळं होईल ते पुढचा तुकडा उचलेल. चपळ असेल ते जास्त उचलेल, सावकाश असेल ते कमी, पण काम सगळ्यांचं एकदमच संपेल. शहाण्या माणसांत ही गोष्ट एका मिनिटात ठरली असती.

"म्हंजे माझ्या कार्डानं जास्त राबायचं?" फलटणचा म्हणाला. "का म्हणून?"

"आन् माझ्याचं कमी झालं की तुमी गावभर सांगणार," मेढ्याचा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून होतंय की आलं नाही.

आमच्या भागातली माणसं एक वेळ तोटा सोसतील, पण वाटणीत उणंदुणं सोसणार नाहीत. बांधाला टेप लावून बसणारी माणसं आम्ही. मी तासभर घसा कोरडा केला. शेवटी जे व्हायचं तेच झालं: तीन कार्डं, तीन सारखे वाटे. हळद फलटणच्याला, लग्न मला, वरात आणि पाठवणी मेढ्याच्याला. ज्यानं त्यानं आपला वाटा आपल्या लॅपटॉपवर कापायचा, निवडायचा, आणि आपल्या कार्डाला घालायचा. दुसऱ्याच्या वाट्यात नाक खुपसायचं नाही. करार असा झाला की जणू तहसीलदार समोर बसलेत.

कापाकापी झाली, तिन्ही कार्डं एकदम सुरू केली आणि फटकन स्टुडिओची लाईट उडाली. नवं कार्ड खातं म्हणजे चांगलंच खातं. मग स्वयंपाकघरातून वेगळी वायर ओढली. वस्तादांच्या भावजयीला, म्हणजे काकूंना, सांगितलं की काकू, संध्याकाळपर्यंत मिक्सर लावायचा नाही. काकूंनी पाटा काढला आणि चटणी अशी वाटली की प्रत्येक घाव आमच्या नावानं होता. सांगाडा तापायला लागला तेव्हा फरफरणारा उभा पंखा त्याच्यासमोर लावला, आणि आम्ही तिघं घामाघूम होऊन बसलो. कार्डांना वारा, माणसांना वाफ. वस्ताद टकटक करून आत आले, पंख्यासमोर उभा केलेला तो सांगाडा बघितला, आणि म्हणाले, "नवरदेव बसवलाय का काय?" आणि मग, "घाण काढली का?"

फलटणच्याची हळद दुपारच्या जेवणाआधीच उरकली. त्यानं उठून आळस असा दिला की सगळ्यांना दिसावा. माझं लग्न तासाभरानं लागलं. मेढ्याच्याची वरात वेशीतच उभी होती. पडद्यावरचा आकडा बघायला गेलं की तो तिथंच, परत बघितलं तरी तिथंच.

"दे इकडं उरलेलं," मी म्हटलं. "आमची दोन कार्डं मोकळी पडलीत."

"निम्म्यातनं काढलं तर पहिल्यापासनं करावं लागंल, ताई," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. एवढा मोठा एकच तुकडा, मधेच थांबवला तर केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे सारख्या वाट्याचं फळ असं की दोन चांगली कार्डं थंड बसलेली आणि सगळ्यात म्हातारं एकटं राबतंय. मी त्याच्याकडे असं बघितलं की कुणी दुसरा असता तर वरमला असता. त्यानं मला स्ट्रॉबेरी दिली.

रिकामं बसण्यापेक्षा म्हणून आम्ही आमचे दोन तुकडे पळवत बघायला घेतले. तेवढ्यात मुलगी आत आली. हातात घडी घातलेले कपडे होते, बॅग भरायचं चाललं होतं. म्हणाली, "दिसले का अप्पा?"

फलटणचा म्हणाला, "हळदीत तर न्हाईत. ताईंच्या लग्नात असतील."

मी त्याच्याकडे बघितलं. कारण लग्न कापताना अप्पा कुठंच नाहीत हे माझ्याही लक्षात आलं होतं, आणि मी मनाशी म्हणाले होते, हळदीत असतील.

असं असतं वाटून केलेल्या कामाचं. आम्ही तिघांनी मिळून सगळं लग्न बघितलं होतं आणि एकानंही अख्खं बघितलं नव्हतं.

मग आम्ही मूळ चित्रण उघडलं. माझ्या नवऱ्याचा कॅमेरा, या दोघांचे कॅमेरे, सगळे. पोरीबरोबर वस्ताद म्हणून एकही चित्र नाही. कुठं कोपर, कुठं पाठीमागून टोपी. अक्षता पडताना माझ्या नवऱ्यानं कॅमेरा त्यांच्याकडे वळवलाय, तर त्यांनी हात हलवून सांगितलंय, माझ्याकडं न्हाई, नवरीकडं धर, आणि माझ्या शहाण्या नवऱ्यानं ऐकलंय. वस्तादांचं ऐकायची सवय लागलेली, दुसरं काय. आणि त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात तर ते असणारच कसे? त्यात होती ती पोरगी. हळदीची, साडीतली, हसणारी, चिडलेली, जेवणारी. माणसानं दिवसभर दुसरीकडे मान वळवली नव्हती.

मला वस्तादांचा भयंकर राग आला. जन्मभर परक्यांचे बाप चौकटीत बसवले आणि स्वतः चौकटीबाहेर. त्याहून जास्त वाईट वाटलं ते पोरीचं. ती भांडली नाही, रडली नाही. नुसतं "बरं" म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

"माझ्यात असतील की," मेढ्याचा म्हणाला. "पाठवणीला बाप असतोयच."

"तू बघितलंस का?"

"बघितलं की. पळवत बघितलं."

"घाण काढलीस का सगळी?"

"जमंल तेवढी काढली. लांबलांब क्लिपा व्हत्या वस्तादांच्या. शेवटची तर तशीच टाकली, म्हटलं असू दे, कार्डाला काय कळतंय."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे याचा वाटा सारखा नव्हताच, सगळ्यात लांब होता, आणि सगळ्यात म्हाताऱ्या कार्डावर होता.

दिवे लागायची वेळ झाली. काकूंनी बाहेर सतरंजी अंथरली. जावई अंघोळ करून केस विंचरून बसला. थोरले काका, काकू, मुलगी, आणि वस्ताद खुर्चीवर, टीव्हीच्या अगदी समोर, परीक्षकासारखे. इकडे आत गिरणी वाजतच होती. अखेर थांबली. तुकडे शिवले, पेनड्राइव्हवर घातले, आणि तिसरा तुकडा एकदाही न बघता तसाच बाहेर नेला. पिक्चर न तपासता मी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेलं नव्हतं.

हळदीला सगळे हसले. फलटणच्यानं काम बरं केलं होतं, हे त्याच्यासमोर मी कधी म्हणणार नाही. लग्न लागलं. काका काकूंनी कन्यादान केलं आणि टीव्हीवरचे काका रडले तशी सतरंजीवरच्या काकांनीही नाक पुसलं. वस्ताद मधूनमधून म्हणत होते, "हे बरं घेतलंय. हे जरा कमी कर." कुणी नवीन माणूस कडेनं चौकटीत आला की मुलगी जरा पुढं सरकायची, आणि तो दुसराच निघाला की मागं टेकायची. मी टीव्ही बघितलाच नाही, तिलाच बघत होते.

मग पाठवणी. हे चित्रण वस्तादांचंच, हात दगडासारखा स्थिर. पोरगी काकूंच्या गळ्यात पडली, काकांच्या पाया पडली, मैत्रिणींना भेटली. मग तिनं इकडं तिकडं बघितलं आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली. जवळ आली, आणखी जवळ आली, तोंड टीव्हीभर झालं, धुरकट झालं, आणि पुढं काही दिसेना. मोगऱ्याचे गजरे, तेही पुसट. मग मांडवाचं छत, उलटं. कॅमेरा तिच्या पाठीमागं कुठंतरी लोंबत होता आणि चालूच होता.

वस्ताद खुर्चीत ताठ झाले. "हे काय? ही घाण कुणी ठिवली?"

मेढ्याचा सतरंजीचे दोरे मोजायला लागला.

"आरं बंद कर ते. चार माणसांत लाज घालवली. एवढं शिकवून..."

"राहू द्या, अप्पा," मुलगी म्हणाली.

टीव्हीवर दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिचे हुंदके, अगदी जवळून. कापड कापडाला घासल्याचा आवाज. आणि मग वस्तादांचा आवाज, एवढा मोठा की भिंतीला लागून परत आला, कारण कॅमेऱ्याचा माईक त्यांच्या हातातच होता. "जा बाळ आता. जा. बॅटरी संपाय लागलीया."

काकू फिस्सकन हसल्या, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. जावईही हसला. पोरीला सोडताना माणसाला दुसरं काही सुचू नये का, मलाही हसू आलं.

टीव्हीवर ती त्यांच्यापासून सुटली. आता कॅमेरा आडवा झाला होता. आडव्या जमिनीवरून आडवे पाय गेले, गाडीचं चाक गेलं, दारं लागली, धूळ उठली आणि बसली. क्लिप संपली नाही. कुणीतरी खुर्च्या गोळा करत होतं, त्यांचा आवाज. कुणी म्हणालं, वस्ताद, जेवून घ्या. आडवा, रिकामा रस्ता. कुत्रं आलं, वास घेऊन गेलं. कॅमेरा हलत नव्हता, म्हणजे तो धरणारा माणूसही तिथून हलला नव्हता. मेढ्याच्यानं घाबरून रिमोटला हात घातला, तो मुलीनं काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. रस्ता चालूच राहिला. मंडपवाल्यानं मांडवातला दिवा काढला तसा उजेड कमी झाला, तरी चालूच.

आता कुणी हसत नव्हतं. वस्ताद घाण म्हणाले नाहीत, बंद करा म्हणाले नाहीत.

कितीतरी वेळानं ती खुर्चीकडं वळली. "अप्पा," ती म्हणाली, "बॅटरी तर होती की."

वस्ताद त्या रस्त्याकडंच बघत होते.

"व्हती," ते म्हणाले. "दुसरीबी खिशात व्हती."